दोरीवरची हाक

आमच्या तिघींचा एक खेळ होता. ज्योतीच्या घराच्या मागच्या पडवीत, तिच्या वडिलांच्या शिलाई मशीनची खडखड ऐकत आम्ही बसायचो आणि प्रत्येकीने आपलं आवडतं गाणं सांगायचं. नियम एकच होता, गाण्याबरोबर कारणही द्यायचं. ‘चाल चांगली आहे’ हे कारण चालत नसे. ज्योतीचं गाणं दर आठवड्याला बदले. त्या वर्षी ते होतं तिच्या ताईच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेलं, कारण ते ऐन रंगात आलं असताना नवऱ्याचा मामा नाचता नाचता सोलकढीच्या पातेल्यात बसला होता. हे ती इतक्यांदा सांगे की शेवटी मामा कढीत पडायच्या आधीच आम्ही हसू लागायचो. माझी पाळी आली की मी शाळेत प्रार्थनेनंतर म्हणतात ते एखादं इंग्रजी गाणं सांगून मोकळी व्हायची. ज्योती म्हणे, “मडमेक मराठी गाणी आवडणत नाय.” ते खरं नव्हतं. माझं गाणंच ठरत नसे. आवडतं म्हणून काही सांगितलं की ते लोकांच्या हातात जातं, अशी मला भीती होती. शाळेत माझ्या इंग्रजीला हसत, वाडीत माझ्या मालवणीला. त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायचं आणि बघत राहायचं, ही सवय मला फार लवकर लागली.

चंदाने आपलं गाणं बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ज्योतीला ते गाणं वाटेचना, कारण ते रोज किनाऱ्यावर ऐकू येणारं होतं. चंदाचे वडील, बाबलकाका, रापणीवर जी हाक घालत, ती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी समुद्रात अर्धगोल मारून जाळं टाकून येते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन जमाव मिळून ओढतात. आमच्या वाडीतले तरणे पुरुष ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागल्यापासून एका दोरीवर बायकाच असत. माझी आईसुद्धा. बाबा बर्फाच्या कारखान्यात कारकून होते आणि त्यांना हे आवडत नसे, पण ओढणाऱ्या प्रत्येकीला मासळीचा वाटा मिळतो, आणि घरची तारली विकत आणायची आईला लाज वाटे.

बायकांच्या दोरीवर सगळ्यांत पुढे, पाण्याच्या बाजूला, बाबलकाका उभे राहत. देवळात गाऱ्हाणं घालतात तशी त्यांची हाक असे. ते एक मागणं म्हणत आणि मागून सगळ्या बायका “व्हय म्हाराजा” म्हणत. त्या ‘व्हय’वर दोर खेचायचा, ‘म्हाराजा’वर पाय मागे घ्यायचा. मागणी ते तिथल्या तिथे जुळवत. भागीच्या टोपलेक बांगडो येवंदे, व्हय म्हाराजा. शेवंतीच्या झिलाक चाकरी गावंदे, व्हय म्हाराजा. त्यांचा आवाज उंच, मोकळा आणि थोडा खरखरीत होता. लाटेवरून तो सुरूच्या बनापर्यंत जाई. वाडीत कुणी बाबलबद्दल काही बोलायला लागलं तर दुसरं कुणीतरी म्हणे, “पण गळो बघ तेचो.” आणि तो विषय तिथे संपे.

चंदाने कारण सांगितलं ते वही उघडून नखाने कोपरा खरवडत. “जवसर बापूस गाता, तवसर तेचे हात दोरयेर आसतत. मगे आये निवांत पेज जेवता.”

ज्योतीने मशीनकडे पाहिलं. आम्हाला माहीत होतं. वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं. पारूकाकीच्या, म्हणजे चंदाच्या आईच्या, दंडावरच्या खुणा ती आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून मासे कापत असताना मी पाहिल्या होत्या. एकदा तिची एक भुवई उकलली होती आणि ती आमच्याकडे तिरफळं मागायला आली तेव्हा आईने तिला तिरफळं दिली, वर चार आमसुलं दिली आणि कपाळाकडे बघितलंच नाही. हाक ऐकू येत असेपर्यंत घरात तीनेक तास मिळत, आणि पारूकाकी त्या तासांत जेवे, केस विंचरी, कधी आमच्या पायरीवर येऊन बसे. घड्याळ त्या घरात नव्हतं. ती हाकच त्यांचं घड्याळ होती.

मस्कतहून मामाने पाठवलेला टेपरेकॉर्डर आमच्या घरी होता. शाळेत बाईंनी आपल्या गावाचे आवाज टिपून आणायला सांगितले तेव्हा मी तो घेऊन रापणीवर गेले. हातात यंत्र असल्यामुळे मला दोर ओढावा लागला नाही आणि कुणाशी बोलावंही लागलं नाही. मी कॅसेटची पूर्ण बाजू भरून हाक टिपली. लाटा, कावळे, भागीमावशीचा खोकला, सगळं त्यात आलं. बाबलकाकांना यंत्र दिसल्यावर जोर चढला आणि त्यांनी स्वतःच्या बायकोलाही मागणं घातलं. पारूच्या चुलीर तारलो भाजूंदे. बायका हसल्या आणि ओरडल्या, व्हय म्हाराजा. पारूकाकीही त्या दिवशी दोरीवर होती. तीही ओरडली.

एका रविवारी चंदा सकाळीच आमच्याकडे आली. नवा फ्रॉक, पायात चपला. वाडीत चपला घालून कुणी कुणाकडे जात नसे, हे मला तेव्हा खटकलं नाही. ज्योती आधीच येऊन बसली होती. चंदा कमी बोलत होती आणि माझी पुस्तकं, माझी कंपासपेटी, खिडकीची कडी, सगळ्याला हात लावून बघत होती. मला वाटलं ती उदास आहे. तिला आनंद व्हावा, असं मला फार वाटलं. माझ्याकडे तिला देण्यासारखी एकच गोष्ट होती.

मी टेप लावली. नुसती लावली नाही. रेकॉर्डर उचलून तिच्या घराच्या बाजूच्या खिडकीत ठेवला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मधे फक्त माडांची बाग होती. पारूकाकीलाही ऐकू जावं, तिनेही हसावं, असा माझा विचार होता. तो विचार मी आजवर पुष्कळदा हातात घेऊन बघितला आहे. त्यात काही वाईट सापडत नाही आणि त्याचा मला काही उपयोगही होत नाही.

चंदा आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. “बंद कर,” ती म्हणाली. मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, थांब, पुढे तुझ्या आईचं नाव येतं. ती यंत्राकडे झेपावली, मी गमतीने आड आले, आणि त्या झटापटीत पंधरावीस सेकंद गेले असतील. मग खिडकीतून आम्हाला पारूकाकी दिसली. डोक्यावरून पदर, काखेत कापडी पिशवी. ती तिठ्यावरच्या एसटी थांब्याकडे निघाली होती. वालावलच्या तिच्या भावाने तिला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. हाक सुरू झाली की ती निघणार होती आणि चंदा आमच्याकडून परस्पर तिठ्यावर जाणार होती. मायलेकी सोडून हे कुणाला माहीत नव्हतं.

रापण त्या दिवशी लागलीच नव्हती. पाण्याला ओढ फार होती म्हणून होडी परत फिरली होती आणि बाबलकाका घराकडे येत होते. बागेच्या मधोमध ते तिच्या समोर आले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी पिशवी घेतली, उलटी केली आणि आतली दोन लुगडी, फणी आणि चंदाची शाळेची वही पायाने पसरली. होडीची डागडुजी चालली होती, तिथे वल्ह्याचा मोडका दांडा पडला होता. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला आणि ती खाली बसली, बसून राहिली, दोन्ही हातांनी डोकं झाकून. दुसरा डाव्या कानावर. तो आवाज मी ऐकला. ओला नारळ दगडावर आपटावा तसा तो होता. आणि माझ्या कोपराजवळ, खिडकीत, तोच माणूस गात होता. भागीच्या टोपलेक बांगडो येवंदे. व्हय म्हाराजा. हात वर जाई, खाली येई, आणि टेपमधल्या बायका त्याच्या ठेक्यावर ओढत होत्या. दोन्हींचा ताल सारखा नव्हता, पण मधेच एखादा घाव बरोबर ‘व्हय’वर पडे. मला यंत्र बंद करता आलं नाही. बोट बटणावर होतं आणि ते खाली जात नव्हतं. पारूच्या चुलीर तारलो भाजूंदे, असं तो म्हणाला तेव्हा पारूकाकी आडवी झाली होती आणि तिच्या कानातून येणारं रक्त वाळूत जिरत होतं. माझ्या आईचा आवाज टेपमधून स्पष्ट आला. व्हय म्हाराजा. तीच आई त्याच वेळी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली होती आणि अंगणात हात पुसत उभी होती.

चंदा कधी निघून गेली ते कळलं नाही. ती बागेत दिसली तेव्हा बापाच्या पाठीवर लटकली होती आणि त्याच्या मानेला चावत होती. त्याने तिला झटकलं, ती माडावर आपटली, उठली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी त्याने दांडा टाकून दिला आणि हात धुवायला विहिरीवर गेला. टेप खट् करून आपोआप बंद झाली.

सरकारी दवाखान्यात पारूकाकीच्या डोक्यावर माडावरून नारळ पडला, असं सांगण्यात आलं. खांद्याचं हाड जुळलं. डावा कान गेला. भाऊ आला, बघून गेला. बाबलकाका बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालू लागले, आणि हाकेच्या वेळी घरात बसून पेज जेवायची सोयही गेली, कारण ते दोघींना रापणीवर आपल्या नजरेसमोर आणून बसवत. चंदा मला रस्त्यात भेटली तेव्हा तिच्या हनुवटीवर टाके होते. “कित्या लावलंस ती टेप?” एवढंच तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेली. ज्योतीच्या पडवीत आम्ही पुन्हा बसलो नाही.

मला ते सांगायचं होतं, पण कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. भागीमावशी आमच्या पायरीवर आईबरोबर पेडवे, म्हणजे बारीक मासळी, निवडत बसल्या होत्या. त्या वाडीतल्या सगळ्यांत जुन्या मासेवाल्या, आवाज जाड, डोक्यावर कायम टोपलीची चुंबळ. मी रेकॉर्डर आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मालवणीत सुरुवात केली, मग मराठीत, आणि रडू आलं तेव्हा इंग्रजीत बोलू लागले. भागीमावशी म्हणाल्या, “सावकास सांग गो बाय. माका तुझा काय समाजला नाय.” मी पुन्हा सांगितलं. मग टेप लावली. त्या दोघी आपलेच आवाज ऐकत राहिल्या. आईचे हात पेडव्यांत थांबले होते.

मग भागीमावशी बोलल्या. “तेचो आवाज इतको मोठो कोणी केल्यान? आमीच केलो. आमी व्हय म्हणतंव म्हणान तो गाता.”

पुढचं त्यांनी दारोदार मासे विकताना ठरवलं. एका घरी एक वाक्य, दुसऱ्या घरी दुसरं. चंदाला निरोप माझ्या आईने दिला, तिरफळांच्या पुडीबरोबर. रापणीच्या दिवशी पारूकाकीने पोटात दुखतं म्हणून पडून राहायचं आणि चंदाने तिच्या उशाशी बसायचं. घराला मागे एक खिडकी होती, तिचा गज माझ्या आईने आणि शेवंतीकाकीने भरदुपारी काढून ठेवला. हाक उठली तरी निघायचं नाही. हाक उठेल, आणि तिला उत्तर येणार नाही. एकटाच आवाज ऐकू आला की निघायचं.

त्या सकाळी मी पहिल्यांदाच दोरीला हात लावला. आईच्या मागे मी होते, माझ्यामागे ज्योती. काथ्याचा ओला दोर तळहाताला टोचत होता. पलीकडच्या दोरीवर म्हातारे पुरुष आणि काही पाहुणे होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. बाबलकाकांनी पाण्यात पाय रोवले, आमच्याकडे पाठ केली आणि हाक घातली. वेतोबाक साकडा घालतंव, दर्यो भरून येवंदे.

कुणी काही बोललं नाही. ऐकून ऐकून माझा घसा आपोआप उघडला होता. मी जीभ दातांत धरली आणि ती इतकी जोरात धरली गेली की तोंडात खारट चव आली. आयुष्यभर मला लोक गप्प असण्यावरून बोलत आले होते. त्या सकाळी वीस बायका माझ्यासारख्या झाल्या.

बाबलकाकांनी मान वळवली. हसले. “काय गो बायांनू, जिभो काढून घरात ठेवल्यात?” पुन्हा हाक घातली. नुसती लाट फुटली. पलीकडचे पुरुष ओढत होते, आमचा दोर सैल पडला होता आणि जाळं त्यांच्या बाजूला कलत होतं. ते तिकडून ओरडायला लागले. बाबलकाका तिसऱ्यांदा गायले, आणि त्यांचा आवाज मधेच फुटला. मग ते वाळूतून वर आले. हातात दोराचा सुटा, भिजलेला तुकडा होता. तो त्यांनी भागीमावशींच्या तोंडावर मारला. एकदा, आणि परतीच्या हाताने दुसऱ्यांदा. गाल फाटला. रक्त हनुवटीवरून लुगड्यावर आलं. मावशींनी दोर सोडला नाही आणि तोंडही पुसलं नाही.

“पारूक आता एका कानान ऐकू येणा नाय,” त्या म्हणाल्या. “आमका दोनय कानांनी येणा नाय.”

बाबलकाका पाण्यात परतले. तुमची गरज नाही, असं काहीतरी ते बोलत होते. दोराचे दोन वेढे त्यांनी एका मुठीभोवती घेतले, दोन दुसऱ्या मुठीभोवती, आणि सगळं अंग मागे टाकून एकट्याने ओढायला लागले. दोर ताणला गेला. आम्ही सगळ्या अजून मागे धरून होतो. पलीकडचे पुरुष जोराने खेचत होते.

“सोडा गो,” भागीमावशी म्हणाल्या. घरात चहा ओता म्हणावं, तितक्या हळू.

आम्ही सोडला. माझे हात उघडताना मी पाहिले आहेत. सगळं जाळं पलीकडे ओढलं गेलं आणि आमचा दोर त्यांच्या मुठींतून सुसाट निघाला. ते तोंडावर पडले, छातीवरून फरफटत गुडघाभर पाण्यात गेले, मग कमरेएवढ्या. वेढे सुटेनात. किंचाळणं ऐकून पुरुषांनी ओढायचं थांबवेपर्यंत वेळ गेला. त्यांना बाहेर आणलं तेव्हा दोन्ही तळहातांवर कातडं नव्हतं, उजव्या हाताची दोन बोटं मोडून मागे वळली होती, आणि तोंडात वाळू होती. जाळं उलटलं होतं. तारल्या पाण्यात परत जाताना चकाकत होत्या. आम्ही हात लावला नाही, असं पुढे सगळ्या म्हणत. मीही म्हटलं आहे. हे लिहिताना मात्र ते वाक्य मला लिहून संपवता येत नाही.

तिठ्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. आई गुडघ्यांवर बसली आणि वाळूत ओकली.

त्यांचे हात पुढे नीट मिटले नाहीत. दोर धरता येईना, काठीही धरता येईना. हाक बंद पडली, आणि काही वर्षांनी आमच्या वाडीची रापणही. ते वारले तेव्हा खांदा द्यायला पलीकडच्या वाडीतून माणसं आणावी लागली.

मी पुण्यात शिकवायला लागल्यावर एका सुट्टीत चंदाचा फोन आला. नंबर तिला ज्योतीने दिला होता. टेप आहे का, तिने विचारलं. असली तर घेऊन ये. मी वालावलला गेले. तळ्याकाठच्या देवळापासून आत, भावाच्या घराला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. चंदा अंगणवाडीत कामाला होती. हनुवटीवरची रेघ तशीच होती. तिने मला खायला शेवयाचे लाडू दिले आणि सरळ सांगितलं, तिला बापाचा आवाज ऐकायचा नव्हता. मागच्या बायकांत आईचा आवाज आहे, तेव्हा तिला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं, त्या वेळचा. तो एकदा ऐकायचा होता.

पारूकाकी बाहेर ओट्यावर आमसुलं वाळत घालत होती, डावी बाजू आमच्याकडे करून. तिला ऐकू जाणार नाही, असं चंदा म्हणाली. आम्ही आवाज अगदी कमी ठेवला आणि यंत्राला डोकी टेकवून बसलो. लाटा आल्या, मावशींचा खोकला आला, आणि ती हाक. चंदाने माझा हात धरला. पारूच्या चुलीर, असं आलं, आणि मागून बायकांच्या हसण्यात एक बारीक, तरुण आवाज वेगळा ओळखता आला. चंदा म्हणाली, “ही बघ. ही.”

ओट्यावर हालचाल झाली. पारूकाकीने मान वळवून उजवा कान दाराकडे केला होता. आमसुलांची सुपली तिने खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, डोक्यावरून पदर घेतला. मग आत आली आणि आमच्याकडे न बघता खुंटीवरची कापडी पिशवी काढून काखेत धरली. पायाने चपला चाचपू लागली.

चंदाने बटण दाबलं. उठून आईच्या उजव्या बाजूला गेली आणि तिच्या काखेतली पिशवी हळूच सोडवून घेतली.

“बस गो आये,” ती म्हणाली. “आता खंय जावचा नाय.”